सरासरी भाव

येवल्याच्या बाजार समितीत कांद्याचे लिलाव आटोपले की तीन आकडे मोबाईलवरून तालुकाभर फिरू लागतात: किमान, कमाल आणि सरासरी. कमाल भाव त्या दिवशी एखाद्याच ट्रॅक्टरला मिळालेला असतो, पण अंदरसुलापासून नगरसुलापर्यंत जो तो त्याच भावाने आपल्या चाळीतल्या मालाचा हिशेब मांडतो. किमान भावावरून सरकारला शिव्या घालता येतात, म्हणून त्यालाही काही मान आहे. सरासरी भाव मात्र कुणाच्या तोंडी नसतो. वास्तविक बहुतेकांचा कांदा त्याच्याच आसपास गेलेला असतो. खेळाडूंच्या बाजाराचीही हीच गत. आयपीएलचा किंवा प्रो कबड्डीचा लिलाव झाला की दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात सर्वांत महाग खेळाडू असतो, आतल्या पानावर न विकला गेलेला नामवंत असतो, आणि ज्यांच्या जिवावर संघ प्रत्यक्षात उभा राहतो ते पंधरा-वीस सरासरी खेळाडू तक्त्यात, बारीक टायपात, शेवटच्या रकान्यात असतात. या रकान्यातल्या माणसाची किंमत ठरते कशी, आणि विशेषतः त्याचा संघ तळाला जाऊन नव्याने बांधणीला लागला असेल तेव्हा ती किती धरावी, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. विंचूर चौफुलीवर चहाच्या एका कपात तो रोज सुटतो, हे खरे. पण तिथे इराण-अमेरिकेचाही सुटतो.

तिथली रीत अशी. मुंबई इंडियन्स २०२२ साली दहा संघांत दहावे आले, २०२४ साली पुन्हा दहावे आले. पाच वेळा चषक जिंकलेल्या संघाच्या चाहत्याला हे पचत नाही. मग तो बांधणीला बसतो. "आपला तो डावखुरा, आणि तो दुसरा कोण तो, हे दोघं देऊन टाकायचे आणि त्यांचा तो मोठा घ्यायचा. वरून थोडे पैसे घालू." दुसऱ्याचे नाव विकणाऱ्यालाच आठवत नाही, मात्र समोरच्या संघाने त्याच्यासाठी आपला हुकमी फलंदाज सोडावा, ही अपेक्षा पक्की असते. शिवाय आपल्याकडचा सरासरी खेळाडू नेहमी 'उपयुक्त' असतो, 'त्याला नीट वापरलंच नाही' असा असतो. आणि दुसऱ्याकडचा तस्साच खेळाडू 'फुसका' असतो. हा निव्वळ चौफुलीवरचा दोष नाही. कानमन, क्नेच आणि थेलर या तिघा अभ्यासकांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात कॉर्नेल विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग फुकट दिले आणि विकायला सांगितले. ज्यांच्या हाती मग आला होता त्यांनी मागितलेली किंमत, ज्यांच्या हाती नव्हता ते देऊ करत असलेल्या किमतीच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त निघाली. मग हाती येऊन जेमतेम काही मिनिटे झाली होती. इथे तर चाहत्याने त्या खेळाडूला तीन मोसम शिव्या घातलेल्या असतात, जिव्हाळा वाढणारच.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की सरासरी खेळाडूची किंमत त्याच्या अंगी नसतेच. श्रेष्ठ खेळाडूची असते. तो कुठेही गेला तरी आपला भाव बरोबर घेऊन जातो. सरासरी खेळाडूची किंमत समोरच्या संघात पडलेल्या खिंडारात असते, त्या वेळच्या नियमात असते आणि कॅलेंडरात असते. या तिन्ही गोष्टी त्याच्या हातात नाहीत, आणि विकणाऱ्याच्याही नाहीत.

पुरावा म्हणून पालघरच्या शार्दूल ठाकूरकडे पाहा. सरासरी म्हणजे टाकाऊ, असा कुणाचा समज असेल तर तो आधी दूर व्हावा. ब्रिस्बेनला जानेवारी २०२१ मध्ये या माणसाने एका कसोटीत सात बळी घेतले आणि अडीअडचणीच्या वेळी ६७ धावा काढल्या. ज्याचे नाव कौतुक आणि थट्टा यांच्या मधोमध 'लॉर्ड' असे पडले, तो मामुली असूच शकत नाही. तरी आयपीएलच्या तराजूत तो कायम मधल्या पारड्यातला राहिला: गोलंदाजी बरी, फलंदाजी बरी, दोन्ही एकाच दिवशी बऱ्या झाल्या तर बातमी. चेन्नईने २०१८ साली त्याला २ कोटी ६० लाखांना घेतले. २०२१ च्या मोसमात त्याने २१ बळी घेतले, चेन्नईने चषक जिंकला आणि २०२२ च्या लिलावात दिल्लीने त्याच्यावर १० कोटी ७५ लाख लावले. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीने त्याला अदलाबदलीत कोलकात्याला देऊन टाकले, आणि त्याच सुमारास कोलकात्याहून दिल्लीला अमन खान आला, २० लाखांचा. पावणेअकरा कोटींचा माल दिला आणि २० लाखांचा घेतला, म्हणून कुणी दिल्लीला वेड्यात काढेल. पण दिल्लीला अमन खानपेक्षा मोकळी झालेली पावणेअकरा कोटींची जागा हवी होती. पुढे कोलकात्यानेही त्याला सोडले, डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईने ४ कोटींना परत घेतले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाच्या लिलावात २ कोटींच्या मूळ किमतीलाही कुणी हात वर केला नाही. चार महिने गेले. लखनौचा मोहसिन खान जखमी झाला, म्हणून त्याच २ कोटींना शार्दूल बदली म्हणून आला आणि दुसऱ्याच सामन्यात हैदराबादविरुद्ध ३४ धावांत चार बळी घेऊन मोकळा झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईने त्याला लखनौकडून घेतले. किंमत तीच, २ कोटी.

आता पावणेअकरा कोटी आणि शून्य या दोन आकड्यांच्या मध्ये जेमतेम पावणेतीन वर्षे आहेत. या काळात त्याचा हात काही इतका बिघडला नव्हता. बिघडले ते गणित. अंतिम अकरांत चारच परदेशी खेळाडू चालतात, म्हणून वेगवान गोलंदाजी करून वर फलंदाजीही करणारा भारतीय हा दुर्मीळ माल; २०२२ चा भाव त्या टंचाईचा होता. २०२३ पासून 'इम्पॅक्ट प्लेअर'चा नियम आला. सामन्याच्या मध्येच एक फलंदाज काढून गोलंदाज घालता येऊ लागला. ज्याला दोन्ही थोडेथोडे येते त्याच्याऐवजी एकेकच पण पुरेपूर येणारे दोघे वापरता येत असतील, तर थोडेथोडेवाल्याला कोण विचारतो? येवल्याच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले आणि डिसेंबरात सरळ निर्यातबंदीच घातली. कांदा तोच होता, चाळ तीच होती, त्याची चव उतरली नव्हती. तरी भाव कोसळला. शार्दूलवर निर्यातबंदी आली, एवढेच म्हणायचे.

बाजार आडनावे वाचत नाही, हेही इथेच नोंदवायला हवे. ज्या नोव्हेंबरात शार्दूल लखनौहून मुंबईला आला, त्याच नोव्हेंबरात अर्जुन तेंडुलकर मुंबईहून लखनौला गेला, ३० लाखांना. क्रिकेटमधले सर्वांत वजनदार आडनाव तराजूत घातले तरी काटा हलला नाही. यात त्या मुलाचा काही कमीपणा नाही, उलट बाजाराची सचोटी दिसते. आपल्याकडे एवढी सचोटी निवडणुकीच्या उमेदवारीत दाखवली गेली तर निम्म्या महाराष्ट्राची घरे बसतील.

चौफुलीवरच्या सिद्धांताचा दुसरा खांब म्हणजे दोन सरासरी मिळून एक उत्तम, हे अंकगणित. कांद्यात याला सरळ उत्तर आहे. जोडकांदा म्हणजे एकाच सालीत दोन. तरी निवडताना तो बाजूला पडतो आणि एका गोल, घट्ट कांद्याहून कमी भावाने जातो. खेळात हे गणित किती फसेल ते मैदानावर एका वेळी किती जण उतरतात यावर ठरते. क्रिकेटमध्ये अकरा असतात, तिथे दोन बरे खेळाडू सामावून घ्यायला जागा सापडते. कबड्डीत सात, तिथे ओढाताण होते. बास्केटबॉलमध्ये पाचच, आणि एनबीएत नेहमीच्या करारावर एका संघात जास्तीत जास्त पंधरा जण ठेवता येतात. तुम्ही दोन देऊन एक मागता तेव्हा समोरच्याला आपला उत्तम तर द्यावा लागतोच, वर तुमच्या दुसऱ्यासाठी जागा करायला तिसऱ्या कुणाला तरी घरी पाठवावे लागते. म्हणजे तुमचा 'दुसरा' ही भेट नसून खर्च असतो. पाचांच्या खेळात एक श्रेष्ठ खेळाडू म्हणजे वीस टक्के संघ. त्याची भरपाई चौथ्या-पाचव्या नंबराच्या माणसांनी कितीही डझनांनी केली तरी होत नाही.

म्हणूनच या विषयातले सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण बास्केटबॉलमधले आहे, आणि ते डेट्रॉइट पिस्टन्स या संघाचे आहे. अमेरिकेत तळाच्या संघांना नवोदितांच्या वार्षिक निवडीत वरचा क्रमांक मिळण्याची संधी जास्त असते. सोडतीने क्रमांक लागतो, पण पारडे हरणाऱ्यांकडे झुकवलेले असते. त्यामुळे बांधणीला लागलेला संघ अनुभवी खेळाडू विकून त्यांच्या बदल्यात पुढच्या वर्षांतल्या 'निवडी' गोळा करतो. पहिल्या फेरीची निवड म्हणजे खणखणीत नाणे, दुसऱ्या फेरीची म्हणजे चिल्लर. डेट्रॉइटने सप्टेंबर २०२२ मध्ये युटाकडून बोयान बोगदानोविच हा तेहतीस वर्षांचा क्रोएशियन नेमबाज घेतला, बदल्यात केली ओलिनिक आणि सेबन ली हे दोघे देऊन. चांगल्या संघात हा चौथा-पाचवा माणूस. डेट्रॉइटमध्ये मात्र तो आला तोच पाटील झाला आणि त्या मोसमात सामन्यामागे एकवीसहून जास्त गुण करू लागला. इथेच घात झाला. गावात दुसरे कुणी गुण करणारे नव्हते, म्हणून त्याचे एकवीस दिसत होते. घेणाऱ्याला मात्र त्यांतले बारा-तेराच हवे होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये गिऱ्हाइके दारात होती. पहिल्या फेरीच्या निवडीखाली बोलणीच नाहीत, असा डेट्रॉइटचा पवित्रा असल्याच्या बातम्या तेव्हा येत होत्या. सौदा झाला नाही.

उन्हाळ कांदा चाळीत घालणाऱ्याला इथून पुढची कथा पाठ आहे. एप्रिलमध्ये भाव पसंत पडत नाही म्हणून माल चाळीत जातो. जूनमध्ये 'अजून थांबू', ऑगस्टमध्ये 'आता तर वाढणारच'. दरम्यान वजनात घट येते, खालच्या थरात सड लागते, दसऱ्याच्या आसपास कोंब फुटतात, आणि भाव खरोखरच वाढला तरी तोवर विकायला राहिलेला माल पाहून व्यापारी ट्रॉलीपाशी थांबतसुद्धा नाही. डेट्रॉइटने बोगदानोविच चाळीत घातला. पुढच्या मोसमात संघ सलग २८ सामने हरला. एका मोसमातला तो एनबीएचा विक्रम आहे. शेवटी ८२ पैकी १४ जिंकले. फेब्रुवारी २०२४ मध्ये, वयाची पस्तिशी दोन महिन्यांवर आली असताना, त्याला आणि अॅलेक बर्क्सला मिळून न्यूयॉर्क निक्सला दिले. बदल्यात क्वेन्टिन ग्राइम्स हा एक तरुण, इतर तिघे, आणि दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी. चिल्लर. आणि सरासरी खेळाडू सांभाळल्याने तळाची तरी सोय झाली असेल म्हणावे, तर सोडतीने तीही थट्टा केली: २०२३ आणि २०२४ अशी दोन्ही वर्षे सर्वांत वाईट कामगिरी करूनही डेट्रॉइटच्या वाट्याला पाचवा क्रमांक आला. हरण्यातही पहिले येण्याचा उपयोग झाला नाही.

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्हींत काही ना काही तथ्य आहे. पहिला असा, की आजचा सरासरी उद्याचा उत्तम होणार नाही कशावरून? कोल्हापूरकडचा सिद्धार्थ देसाई २०१८ साली यू मुम्बाने ३६ लाख ४० हजारांना घेतला. त्या एका मोसमात त्याने चढाईत दोनशेहून जास्त गुण आणले आणि पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाख मोजले. उदाहरण बिनतोड आहे, पण ते सरासरीचे नाही, कच्च्या मालाचे आहे. ज्याचे काय होणार हे अजून कुणालाच ठाऊक नाही, तो नवखा. ज्याचे काय होणार हे सगळ्यांना ठाऊक आहे, तो सरासरी. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला, टाकळीभानचा अस्लम इनामदार पुणेरी पलटणमध्ये नवोदितांच्या योजनेतून आला आणि त्याच्याच नेतृत्वाखाली पलटणने १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. बांधणी होते ती अशा मुलांवर, आणि त्यांच्यावर खर्चायला पैसा आणि जागा उरते ती सरासरी माणूस वेळेवर विकल्यामुळे. (पलटणने त्याच मोसमात २ कोटी ३५ लाख देऊन इराणचा शादलुई आणला होता, हे सोयीस्करपणे विसरू नये. पुढच्या मोसमात तो हरियाणाकडे गेला आणि त्या वेळी चषकही हरियाणाकडे गेला. श्रेष्ठ खेळाडू भाव बरोबर घेऊन जातो म्हटले ते यासाठी.) शिवाय यू मुम्बाची गंमत पाहा. देसाई लिलावात गेला, तेव्हा त्याच्या किमतीतला एक रुपयाही ज्यांनी त्याला नावारूपाला आणले त्यांना मिळाला नाही. लिलावात पैसा खेळाडूला मिळतो. अदलाबदलीतच संघाच्या पदरात काही पडते. सौदा करायचा तर माल आपल्या दावणीला असतानाच.

दुसरा आक्षेप माणुसकीचा: माणसांची अशी बोली लावावी का? प्रश्न योग्य आहे, फक्त तो विचारणाऱ्याने खेळाडूच्या कराराकडे एकदा नजर टाकावी. बोगदानोविच कुणाच्या चिल्लरीला विकला गेला तरी त्याच्या वर्षाच्या कोट्यवधी डॉलरांतला एक सेंट कमी झाला नाही; करार जसाच्या तसा त्याच्याबरोबर न्यूयॉर्कला गेला. आयपीएलमध्ये तर खेळाडूच्या संमतीशिवाय अदलाबदल होतच नाही. २०२५ मध्ये संजू सॅमसन चेन्नईला आणि जडेजा राजस्थानला गेला, त्यात जडेजाची रक्कम १८ कोटींवरून १४ कोटींवर आली, तीही ठरवून. घासाघीस दोन मालकांत चालते आणि नामुष्की झालीच तर ती त्यांची होते. ट्रॉलीवर उभ्या शेतकऱ्याला अशी सवलत नाही. त्याचा भाव पडला की त्याचाच पडतो. तेव्हा कणव वाटायचीच असेल तर ती बास्केटबॉलवाल्यांवर उधळून संपवू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. सगळेच सरासरी विकले तर खेळणार कोण, आणि त्या पोरांना शिकवणार कोण? याचे उत्तरही डेट्रॉइटनेच देऊन ठेवले आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात नवे व्यवस्थापन आले. त्यांनी ग्राइम्सला डॅलसकडे देऊन टिम हार्डवे ज्युनियर आणि वर दुसऱ्या फेरीच्या तीन निवडी घेतल्या, टोबायस हॅरिसला आणले, आणि मलिक बीझलीला एका वर्षासाठी साठ लाख डॉलरांत उचलले. त्या दुनियेत ही रक्कम किरकोळीत जमा होते. तिघेही अस्सल सरासरी, कित्येक संघ फिरून आलेले. बीझलीने त्या मोसमात लांबून ३१९ वेळा चेंडू टोपलीत टाकला आणि १४ विजयांचा संघ ४४ विजयांवर गेला. म्हणजे सरासरी खेळाडू नकोच, असा याचा अर्थ नाही. तळाला असताना त्याला धरून बसणे आणि चढताना त्याच्याकडे पाठ फिरवणे, या दोन्ही चुकाच. तळाच्या संघाने आलेल्या पहिल्या बऱ्या भावाला तो विकावा, आणि पोरे उभी राहिली की तसलेच चार जण दुसऱ्या कुणाच्या चाळीतून, कोंब फुटायच्या आत, स्वस्तात आणावेत. डेट्रॉइटने हे दोन्ही धडे दोन वर्षांत गिरवले, आणि फी भरली ती पहिल्याची.

मुंबई-पुण्याच्या संघमालकांना एक विनंती करून थांबतो. लिलावाच्या टेबलाभोवती तुम्ही संगणक घेऊन बसलेली पाच-सहा हुशार मुले ठेवता. त्यांच्यात एक खुर्ची बाजार समितीतल्या एखाद्या जुन्या कांदा व्यापाऱ्याला द्या. तो ट्रॉलीवर वर रचलेल्या देखण्या मालाकडे बघतही नाही. कोपरापर्यंत हात खाली घालतो, तळातला एक कांदा काढतो, अंगठ्याने मान दाबून पाहतो, आणि भाव सांगून पुढच्या गाडीकडे चालू लागतो. मागून शेतकरी ओरडतो, "शेठ, अहो नीट बघा तरी!" तो मागे वळत नाही. पगार फार मागणार नाही तो. चहा मात्र दर तासाला लागेल.